अन्नसुरक्षेसाठी क्वांटम संवेदक : कोकणातून पीएच.डी.नंतरचे संशोधन सुरू करताना

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी किंवा मत्स्यशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात पीएच.डी. पूर्ण करीत आलेल्या, आणि पुढील दोन-तीन वर्षे क्वांटम संवेदकांचा उपयोग अन्नाच्या प्रश्नासाठी करून पाहावा असे वाटणाऱ्या संशोधकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीतील घेतली आहेत. १९९६ मध्ये रोम येथे झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या मान्य केली, तिच्यात अन्न पुरेसे असण्याबरोबरच ते सुरक्षित आणि पोषक असण्यालाही स्थान आहे. कोकणात भाताची खाचरे लहान आणि विखुरलेली आहेत. घरात पैसा येतो तो आंबा, काजू, नारळ, सुपारी आणि मासळी यांतून, आणि यांतील बहुतेक माल एक तर लवकर नासतो किंवा दमट हवेत त्याला बुरशी धरते. म्हणून येथे पिकवलेले आणि पकडलेले अन्न खाण्याजोगे राहिले आहे की नाही हे वेळेत कळणे, हा अन्नसुरक्षेचा फार मोठा भाग आहे.

या लेखाचा आग्रह एकच आहे. संवेदक किती सूक्ष्म मोजतो याचा विचार करण्याआधी, त्या मोजमापावर निर्णय कोण घेणार, कोठे घेणार आणि त्यासाठी त्याच्या हातात किती वेळ असणार, हे ठरवावे. हा क्रम उलटा झाला की चांगला निबंध छापून येतो, पण उपकरण प्रयोगशाळेच्या कपाटातून बाहेर येत नाही.

क्वांटम संवेदक कशाला म्हणावे

अणू, इलेक्ट्रॉन किंवा प्रकाशकण यांच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांचा, किंवा त्यांच्या क्वांटम अवस्थांच्या सुसंगतीचा, थेट मोजमापासाठी उपयोग करणारे साधन म्हणजे क्वांटम संवेदक, एवढी व्याख्या कामापुरती पुरेशी आहे. अन्नाच्या संदर्भात चार प्रकार वारंवार समोर येतील.

पहिला आणि नवख्या संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्ती केंद्र, ज्याला प्रयोगशाळेत सगळे एनव्ही केंद्र म्हणतात. हिऱ्याच्या जाळीतील कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसलेला असतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकला की हे केंद्र लाल प्रकाश देते, आणि २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासची मायक्रोवेव्ह लावली की तो लाल प्रकाश किंचित मंद होतो. चुंबकीय क्षेत्र असेल तर मंद होण्याची ही एक रेषा (ठरावीक वारंवारतेवरची खाच) दुभंगते आणि दोन्ही बाजू दर मायक्रोटेस्लाला सुमारे २८ किलोहर्ट्झने सरकतात. हे सर्व सामान्य तापमानाला घडते, त्यासाठी द्रव हेलियम लागत नाही, आणि म्हणूनच बंदरावर किंवा बागेत नेण्याजोगे उपकरण करायचे असेल तर पहिला विचार याचा होतो.

दुसरा प्रकार रुबिडियमसारख्या अणूंच्या बाष्पावर चालणाऱ्या चुंबकमापकांचा आहे. ते अत्यंत सूक्ष्म असतात, परंतु त्यांतील सर्वांत संवेदनशील प्रकारांना पृथ्वीच्या क्षेत्रापासून कवच लागते. तिसरा प्रकार थंड अणूंच्या गुरुत्वमापकांचा. जमिनीखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा सलग थर वाढला तर गुरुत्वात सुमारे ४२ मायक्रोगॅलचा (मायक्रोगॅल हे गुरुत्वातील सूक्ष्म फरक मोजण्याचे एकक) फरक पडतो, आणि खडकाची सच्छिद्रता दहा टक्के धरली तर भूजलपातळीच्या एका मीटरमागे तो जेमतेम चार मायक्रोगॅल उरतो. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीच्या पाण्याचे वजनही त्यात मिसळते. विषय महत्त्वाचा आहे, पण पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या, दोन वर्षांत एकट्याने उचलण्याजोगा नाही. चौथा प्रकार क्वांटम डॉट्सचा, म्हणजे नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक स्फटिककणांचा, ज्यांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कीटकनाशके आणि विषद्रव्ये ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, मात्र त्यांचा रंग क्वांटम परिणामामुळे ठरत असला तरी मोजमापाची रीत नेहमीच्या प्रतिदीप्तीचीच (फ्लुओरेसन्सची) असते, हे अर्जात प्रामाणिकपणे लिहावे.

पहिली पायरी : प्रश्न निवडणे

या पायरीला दोन महिने गेले तरी ते वाया गेले असे समजू नये. कोकणातील चार प्रश्न घेऊन निवड कशी करावी ते पाहू.

हापूसमधील साका हा बागायतदाराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. फळ बाहेरून निर्दोष दिसते, अढीत व्यवस्थित पिकते, आणि कापल्यावर आतला गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. फळ चौदा आणे तयार असताना काढणे आणि झाडाखाली गवताचे आच्छादन करून जमिनीची धग कमी करणे, हे उपाय सांगितले जातात. बाठ्यातील बी फळातच रुजण्याच्या दिशेने जाऊ लागते आणि गराची हानी होते, असेही संशोधनातून पुढे आले आहे. फळ न कापता साका ओळखणारे यंत्र मिळाले तर परदेशी पाठवलेल्या पेट्या नाकारल्या जाण्याची भीती कमी होईल. पण एनव्ही केंद्राला आपल्यापासून काही नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर अंतरावरचे चांगले दिसते, आणि साका तर सालीखाली काही सेंटिमीटरवर असतो. येथे क्ष-किरण प्रतिमा किंवा गरातील पाण्याच्या प्रोटॉनचे चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआयमागचे तत्त्व) हे मार्ग अधिक सरळ आहेत. बाष्प-चुंबकमापक वापरून कमी क्षेत्रातील अनुस्पंदन मोजण्याचा प्रकल्प भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सुंदर होईल, परंतु पेटी भरण्याच्या वेगाने फळे तपासणारे यंत्र त्यातून दोन वर्षांत निघेल असे वचन कोणी देऊ नये.

दुसरा प्रश्न बांगड्याचा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते, आणि मासा पकडल्यानंतर बर्फ कमी पडला तर जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवूनही जात नाही. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयोगाने, अशा माशांच्या पदार्थांसाठी सुरक्षिततेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठेवली आहे. ही मर्यादा पाहताच लक्षात यावे की हे प्रमाण मोजायला अतिसूक्ष्म संवेदकाची गरज नाही; गरज आहे ती स्वस्त आणि काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या चाचणीची. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये माशांतील फॉर्मॅलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या साध्या कागदी पट्ट्या पुढे आणल्या, आणि अशा कामासाठी तोच मार्ग योग्य आहे.

तिसरा प्रश्न खोबरे, काजू आणि साठवलेले धान्य यांतील अफ्लाटॉक्सिनचा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तृणधान्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे येथे सूक्ष्मता खरोखर लागते. तरीही दोन अडचणी आहेत. बुरशी पोत्यातील मोजक्याच दाण्यांवर असते, त्यामुळे मोजमापातील एकूण चुकीपैकी मोठा वाटा नमुना काढतानाच घडतो आणि संवेदक कितीही चांगला असला तरी तो भरून निघत नाही. दुसरी अडचण जैवरसायनाची आहे. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका लहान आहे की त्याला एकाच वेळी दोन प्रतिपिंडे पकडू शकत नाहीत. मग कागदी चाचणीपट्टीवर स्पर्धात्मक चाचणी करावी लागते, जिच्यात विष जितके जास्त तितकी पट्टीवरील रेघ फिकी, आणि तिची सूक्ष्मता प्रतिपिंडाच्या पकडीवर अवलंबून असते. रेघ दिसावी म्हणून लावतात त्या सोन्याच्या कणांऐवजी एनव्ही केंद्रे असलेले हिऱ्याचे कण लावले म्हणून ती हजारपट सुधारत नाही. हिस्टामिनलाही हेच लागू आहे. नवखे अर्जदार बहुधा याच ठिकाणी फसतात, कारण वाचलेल्या निबंधातील सुधारणेचा आकडा ते आपल्या विषद्रव्याला जसाच्या तसा लावतात.

चौथा प्रश्न मला सर्वांत जुळणारा वाटतो : खाडीकाठच्या कोळंबी तलावांतील पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग, किंवा त्याच्याच जोडीला तिसऱ्या (शिंपले) आणि कालवे यांतील व्हिब्रिओ जिवाणू. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तलावात शिरला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मरू शकते. लक्षणे दिसण्याआधी विषाणू सापडला तर माल लवकर काढायचा, पाण्याची अदलाबदल थांबवायची की शेजारच्या तलावांना कळवायचे, हा निर्णय मालकाला घेता येतो. येथे लक्ष्य केंद्रकाम्ल (डीएनए किंवा आरएनए) आहे, त्याच्या दोन टोकांना दोन पकडी बसू शकतात, आणि कमी प्रती ओळखण्याचा फायदा थेट दिवसांच्या फायद्यात उतरतो. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या नेतृत्वाखालील गटाने कागदी चाचणीपट्टीवर सोन्याच्या कणांऐवजी एनव्ही केंद्रे असलेले नॅनोहिरे वापरले, मायक्रोवेव्हच्या साहाय्याने त्यांचा प्रकाश ठरावीक लयीत कमी-जास्त केला आणि तेवढाच लयबद्ध भाग वेगळा काढला. आदर्श जोडीवर त्यांना सोन्याच्या कणांपेक्षा सुमारे एक लाखपट सूक्ष्मता मिळाली, आणि एचआयव्हीच्या आरएनएसाठी अल्प प्रवर्धनाची (प्रती वाढवण्याच्या क्रियेची) जोड देऊन फार थोड्या प्रती ओळखता आल्या. हीच रीत कोळंबीच्या विषाणूला लावणे हा दोन वर्षांत बसणारा, नेमका आणि उपयोगी प्रकल्प आहे.

खार जमिनीतील क्षारता हा पाचवा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. त्यासाठी विद्युतवाहकता मोजणारे साधे मीटर उत्तम काम करते, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जातीही दिल्या आहेत. तेथे क्वांटम संवेदक नेऊ नये.

निवड झाल्यावर एका पानाचे टिपण लिहावे. निर्णय घेणारी व्यक्ती कोण, तिला किती वेळात उत्तर हवे, कोणत्या पातळीच्या वर-खाली तिचा निर्णय बदलतो, आज ती कोणती पद्धत वापरते आणि त्या पद्धतीत नेमके काय कमी पडते, चाचणी चुकून होकारार्थी आली तर नुकसान कोणाचे आणि नकारार्थी आली तर कोणाचे, हे त्यात पूर्ण वाक्यांत यावे. हे टिपण घेऊन तलावाच्या मालकाकडे, मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर, किंवा बागायतदाराकडे जावे आणि ते त्यांना वाचून दाखवावे. त्यांच्याकडून आलेल्या दुरुस्त्या लिहून घेतल्याशिवाय पुढची पायरी चढू नये.

दुसरी पायरी : आपल्या शिक्षणातील पोकळी भरणे

भौतिकशास्त्रातून येणाऱ्याला लेसर, मायक्रोवेव्ह आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक लयीचाच संकेत गोंगाटातून वेगळा काढणारे साधन) माहीत असतात. त्याने नमुना वाटणे, गाळणे, केंद्रकाम्ल वेगळे करणे, पीसीआर (केंद्रकाम्लाच्या प्रती वाढवून ते ओळखण्याची रूढ चाचणी) करणे आणि प्रतिपिंडे हिऱ्याच्या पृष्ठभागावर बसवणे हे हाताने शिकावे. पृष्ठभागाचे रसायन हलके समजू नये, कारण खाऱ्या द्रावणात नॅनोहिरे एकमेकांना चिकटून गठ्ठे होणे ही सर्वसामान्य अडचण आहे. कृषी किंवा मत्स्यशास्त्रातून येणाऱ्याने स्पिनची मूलतत्त्वे, गोंगाटाचे प्रकार आणि संकेतप्रक्रिया शिकावी, आणि पायथनमध्ये आपला विदा (डेटा) स्वतः तपासण्याइतका सराव करावा. प्रकाशकणांच्या मोजणीतील मूलभूत गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे दहापट सुधारणा हवी असेल तर शंभरपट वेळ लागतो, हे एक सूत्र मनात पक्के असेल तरी प्रस्तावातील अर्धी अवास्तव विधाने आपोआप गळून पडतात.

तिसरी पायरी : यजमान संस्था आणि दोन मार्गदर्शक

अन्न कोकणात आहे आणि हिऱ्याची प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात आहे, ही वस्तुस्थिती धरूनच आखणी करावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्याची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे, आणि त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबई येथे आहे. तेथे एनव्ही केंद्रांवर काम चालते. पुण्यात आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) क्वांटम तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे, तर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. दुसऱ्या बाजूला दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, जे १९७२ मध्ये स्थापन झाले, त्याचे रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. कीटकनाशकांच्या अंशाचे काम असेल तर मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तुलनेसाठी योग्य ठिकाण आहे.

मुख्य मार्गदर्शक भौतिकशास्त्राचा आणि सहमार्गदर्शक कृषी किंवा मत्स्यविद्येचा, अशी जोडी असावी. पत्र लिहिताना आपली माहिती चार ओळींत संपवावी आणि उरलेल्या जागेत वरील एक पानाच्या टिपणाचा सारांश द्यावा. त्या प्रयोगशाळेचे अलीकडचे दोन निबंध वाचून, त्यांतील कोणती पद्धत आपल्या प्रश्नाला लागेल आणि ती कोठे अपुरी पडेल, हे एका वाक्यात लिहिणाऱ्या अर्जदाराला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. "आदरणीय महोदय" म्हणून एकच मजकूर सर्वांना पाठवला तर तो लगेच ओळखू येतो.

चौथी पायरी : शिष्यवृत्ती

देशात राहून काम करायचे असेल तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप हा प्रमुख मार्ग आहे. पूर्वी ती विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आता ती आली आहे. तिची मुदत दोन वर्षांची असते, वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप जीवशास्त्राच्या बाजूने येणाऱ्यांना उपयोगी पडते. युरोपात जायचे असेल तर मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप पाहावी. तिच्यासाठी पीएच.डी.नंतर संशोधनाची आठ वर्षांपेक्षा जास्त वर्षे झालेली नसावीत, आणि अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेले नसावे. रकमा आणि कागदपत्रांच्या अटी दर वर्षी बदलतात, म्हणून ओळखीच्या व्यक्तीने सांगितलेल्या माहितीवर न जाता चालू वर्षाची मूळ अधिसूचना वाचावी.

परदेशी प्रयोगशाळेत कोकणातील नमुने न्यायचे असतील तर जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची तरतूद आधी तपासावी, कारण नमुने तयार झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली तर हंगाम हातचा जातो.

पाचवी पायरी : प्रस्तावात हंगामाचे वेळापत्रक मांडणे

प्रयोगशाळेचा प्रस्ताव महिन्यांत मोजला जातो, पण नमुने हंगामाने येतात. काजू आणि आंबा साधारण फेब्रुवारी-मार्च ते मे, मासेमारीबंदी जून-जुलै, भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबर. फेलोशिप जूनमध्ये सुरू झाली आणि विषय आंब्याचा असेल, तर पहिले फळ हातात येईपर्यंत नऊ-दहा महिने जातात आणि दोन वर्षांत फक्त दोनच हंगाम मिळतात. पहिला हंगाम पद्धत बसवण्यासाठी आणि दुसरा पडताळणीसाठी, असे स्पष्ट लिहावे. उपकरणाची जुळवाजुळव, पृष्ठभागाचे रसायन आणि कृत्रिम नमुन्यांवरील चाचण्या पावसाळ्यात ठेवाव्यात. एखाद्या वर्षी 'निसर्ग' किंवा 'तौक्ते' यांसारखे चक्रीवादळ आले तर हंगामच बुडू शकतो, त्यामुळे उणे ८० अंशांवर साठवलेल्या नमुन्यांचा पर्यायी संच सुरुवातीपासूनच जमवत राहावा.

सहावी पायरी : उपकरण, आणि कोकणची हवा

चाचणीपट्टी वाचणाऱ्या उपकरणात हिरवा लेसर, मायक्रोवेव्हचा स्रोत आणि लहान अँटेना, लाल प्रकाश तेवढा आत सोडणारी गाळणी, प्रकाशमापक आणि लॉक-इन पद्धतीने संकेत वेगळा करणारा भाग एवढेच असते. पहिली जोडणी प्रयोगशाळेतील टेबलावर सुट्या भागांची करावी. पेटीत बसवण्याची घाई करू नये. या लेसरची शक्ती डोळ्यांना कायमची इजा करण्याइतकी असते, म्हणून ५३२ नॅनोमीटरचा चष्मा आणि झाकलेला प्रकाशमार्ग यांबाबत कोणतीही सवलत घेऊ नये, विशेषतः उपकरण बंदरावर नेले जाते आणि भोवती माणसे जमतात तेव्हा.

येथील परिस्थितीमुळे येणाऱ्या तीन अडचणी आधीच ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अडचण उष्णतेची आहे. एनव्ही केंद्राची रेषा तापमानाच्या एका अंशाला सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली सरकते. एकाच बाजूची रेषा पाहून चुंबकीय क्षेत्र काढणाऱ्याला एका अंशाचा हा बदल अडीच मायक्रोटेस्लांहून मोठ्या क्षेत्रासारखा दिसेल, आणि येथे पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रच चाळीस मायक्रोटेस्लांच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंच्या रेषा एकत्र मोजल्या तर त्यांची सरासरी तापमान सांगते आणि त्यांतील अंतर क्षेत्र सांगते. पट्टीच्या वाचनातही मायक्रोवेव्हची वारंवारता तापमानाबरोबर सरकवावी लागते, हे विसरू नये.

दुसरी अडचण जांभ्याची. जांभा दगड आणि त्याची लाल माती लोहाने समृद्ध असते, आणि त्यातील काही खनिजे चुंबकीय असतात. हिऱ्याच्या शिथिलन काळावर (एनव्ही केंद्राची अवस्था मूळ स्थितीला परतण्यास लागणाऱ्या वेळावर) आधारित मोजमापात लोहाचे आयन स्वतःच चुंबकीय गोंगाट करतात आणि तो काळ कमी करतात, त्यामुळे मातीचा किंचित अंश असलेला नमुना मुक्त मूलकांनी (फ्री रॅडिकल्सनी) भरलेल्या नमुन्यासारखा भासू शकतो. मातीशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात लोह बांधून ठेवणारे रसायन घातलेला आणि न घातलेला, अशी दोन वाचने घ्यावीत.

तिसरी अडचण रंगद्रव्यांची. हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देते, म्हणजे नेमके एनव्ही केंद्राच्याच पट्ट्यात. आंब्याची साल, भाजीचा रस, शेवाळ असलेले तलावाचे पाणी हे सर्व हिऱ्याशिवायच लाल चमकते. मायक्रोवेव्हने लय देऊन प्रकाश वेगळा काढण्याचे महत्त्व अन्नाच्या नमुन्यांत एवढे मोठे आहे ते यामुळे, आणि माझ्या मते या क्षेत्रात क्वांटम पद्धतीचा सर्वांत भक्कम दावा हाच आहे. प्रस्तावात यावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करावा.

याखेरीज खारी हवा जोडण्यांवर गंज चढवते, आरशांवर थर बसवते, आणि पावसात वीज वारंवार जाते. सीलबंद पेटी, आत सिलिका जेल आणि बॅटरीवर चालणारी रचना ही येथे प्राथमिक गरज आहे.

सातवी पायरी : पडताळणी

शुद्ध पाण्यात मिळालेली शोधमर्यादा अन्नाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. निरोगी कोळंबीच्या वाटलेल्या ऊतीत, म्हणजे रोग नसल्याची खात्री असलेल्या नमुन्यात, निदान वीस स्वतंत्र वाचने घेऊन त्यांचा विखुरलेपणा काढावा. सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलने हा शोधमर्यादेचा प्राथमिक अंदाज. त्यानंतर ज्ञात प्रमाण मिसळलेले नमुने, आणि शेवटी तलावातून आलेले खरे नमुने, अशा क्रमाने जावे. खऱ्या नमुन्यांवर तुमचे वाचन आणि पीसीआरचे वाचन एकमेकांची माहिती नसलेल्या दोन व्यक्तींनी घ्यावे. अंश-विश्लेषणाच्या कामात मिसळलेल्या प्रमाणापैकी ७० ते १२० टक्के परत मिळावे, हा प्रयोगशाळांत रूढ असलेला निकष आपल्यालाही लावावा.

उपकरणाच्या स्थैर्यासाठी कोरी पट्टी ठेवून काही तास सलग वाचन घ्यावे आणि अ‍ॅलन विचलनाचा आलेख काढावा. सरासरीचा वेळ वाढवल्यावर कोठपर्यंत सुधारणा होते आणि कोणत्या क्षणापासून उपकरणाचे सरकणे वरचढ ठरते, हे त्या आलेखात स्पष्ट दिसते. हाच आलेख दुपारी बारा वाजता, बंदरावरील शेडमध्ये, पंखा बंद ठेवून पुन्हा काढावा आणि दोन्ही निबंधात शेजारी-शेजारी छापावेत.

आणखी एक तुलना टाळू नये : त्याच प्रतिपिंडांनी किंवा त्याच पकडींनी बनवलेल्या साध्या सोन्याच्या पट्टीशी. प्रवर्धनाचा वेळ दहा मिनिटांनी वाढवून सोन्याची पट्टी तेच उत्तर देत असेल, तर तसे लिहावे. परीक्षक हा प्रश्न विचारतोच, आणि कोळंबीच्या मालकाला तर तो सर्वांत आधी विचारण्याचा अधिकार आहे.

आठवी पायरी : लोकांशी व्यवहार

नमुना घेताना लेखी संमती घ्यावी, आणि कोणत्या तलावात रोग सापडला हे तलावाच्या खुणेसह कोठेही प्रसिद्ध करू नये, कारण अशी बातमी फुटली तर व्यापारी त्या गावचा सगळा माल कमी भावाने मागतो. नमुना दिलेल्या प्रत्येकाला निकाल मराठीत, एका कागदावर, हंगाम संपण्याच्या आत द्यावा. मात्र पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या कागदावर "हा प्रायोगिक निकाल आहे, माल काढण्याचा निर्णय पीसीआर चाचणीवर घ्यावा" असे ठळक लिहावे. पेटंटचा विचार असेल तर परिषदेत भित्तिपत्रक लावण्यापूर्वीच संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाला भेटावे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत नवे प्रयोग सुरू करू नयेत. कच्चा विदा, पट्टी तयार करण्याची कृती, वापरलेल्या प्रतिपिंडांचे किंवा पकडींचे तपशील आणि उपकरणाचे आराखडे एकत्र करून सहमार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत ठेवावेत, आणि तेथील एका एम.एफ.एस्सी.च्या (मत्स्यविज्ञानातील पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्याला तुमच्या मदतीशिवाय पूर्ण चाचणी करून पाहायला सांगावी. तो जेथे अडेल तेथे कृतीत दुरुस्ती करावी आणि सुधारलेली प्रत त्याच्याकडेच ठेवावी.